ओली शिवलेली पट्टी

बी मिझे फाकीला, बी म्हणजे आमच्या स्वाहिलीत बाई, वेटे गावात लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या वर्गाला उशिरा आलेली मुलगी दारातूनच परत जायची. दुसरं म्हणजे तिच्याकडे दिलेलं कुठलंही काम सावकाशच व्हायचं. लग्नाची चटई शिवायला दिली तर लग्न आधी आणि चटई नंतर, अशी तिची ख्याती होती. कोणी टोकलं तर ती म्हणायची, "लग्न मोडेल, चटई नाही मोडणार." हे खरं ठरल्याची दोन-तीन उदाहरणं गावात होती, पण ती घरं अजून त्याच गल्लीत आहेत म्हणून नावं सांगत नाही.

हा सावकाशपणा तिच्या आईकडून आलेला. पेंबा बेटावर अख्खी चटई एकटी बाई विणत नाही. शिंदीची पाती भिजवून बायका दोन बोटं रुंदीच्या, हातभरापासून दहा-वीस हातांपर्यंत लांब पट्ट्या विणतात. चालताना विणतात, भांडताना विणतात, भाताला आधण येईपर्यंत विणतात. या पट्टीला म्हणायचं उकिली. मग गावातल्या वेगवेगळ्या घरच्या पट्ट्या एका बाईकडे जमा होतात आणि ती त्या कडेला कड लावून शिवते. हे काम कोणालाही देत नाहीत. बी मिझेची आई, बी मोझा, हे काम करायची. आलेली प्रत्येक पट्टी ती डोळे मिटून बोटांखालून सरकवायची आणि मग सावलीत टांगून ठेवायची, सात दिवस. पाती ओली असताना पट्टी फुगलेली असते, सुकली की आखडते. ओली शिवली तर महिन्याभरात चटईला फटी पडतात. बी मोझाने आयुष्यात एकही पट्टी ओली शिवली नाही, आणि याचा तिला एवढा गर्व होता की मरताना बाकी काही नाही, तेवढं मात्र तिने बोलून दाखवलं.

अकरा वर्षांपूर्वी शाळेला देणगीत जुने कॉम्प्युटर आले. त्यांवर प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं काम गणिताच्या बाईंवर आलं. मुली हुशार होत्या, पण आज्ञा सगळ्या इंग्रजीत. कळत नसलेले शब्द त्या मंत्र पाठ करावेत तसे पाठ करत आणि चूक झाली की मशीन जे बोलायचं ते वाचून रडकुंडीला येत. बी मिझेने शोधाशोध केली. ज्याचं पोट सगळ्यांसाठी उघडं आहे, आत शिरून वाटेल ते बदला आणि फुकट वापरा, असं करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे, असं प्रोग्रॅम लिहायचं एक साधन तिला सापडलं. दोन सुट्ट्या घालवून तिने त्यातला एकेक शब्द स्वाहिली केला. चूक झाली की ते आता म्हणायचं, "इथे वाक्य तुटलंय, पुन्हा बघ पोरी." नाव चटईचं, म्हणजे म्केका, ठेवायचं तिच्या मनात होतं, पण गावातली टवाळ पोरं फुटबॉलच्या पैजेच्या चिठ्ठीला तेच म्हणतात. म्हणून नाव पडलं उकिली.

शाळेपुरतं केलेलं ते हळूहळू समुद्र ओलांडून गेलं. टांगा शहरातल्या शाळांनी घेतलं, मोम्बासाच्या शाळांनी घेतलं. लोक वापरू लागले तसे सुधारणाही पाठवू लागले. कोणी शब्द दुरुस्त करून पाठवी, कोणी नवी आज्ञा घडवून, कोणी जुनी खोट काढून. या प्रत्येक सुधारणेला बी मिझे पट्टीच म्हणायची आणि ती उकिलीत घेण्याला शिवणं. चावी एकटीकडे. तिच्या होकाराशिवाय अक्षरही आत जात नसे. पट्टी आली की ती आधी ओळ न ओळ वाचायची, मग चालवून बघायची, मग सात दिवस टांगून ठेवायची. टांगून ठेवायची म्हणजे उकिलीत बनलेले जेवढे जुने प्रोग्रॅम तिच्याकडे होते ते सगळे त्या नव्या पट्टीसकट आठवडाभर चालवायची आणि कुठे काही आखडतंय का ते बघायची. मगच शिवायची, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत दोन ओळी लिहायची: पट्टी कोणाची, आणि शिवली कोणी.

लोकांना हे सोसवत नव्हतं. मस्कतमध्ये नोकरीला असलेला अब्दीसलाम हा तर अगदी जिभेला हाड नसलेला माणूस. मूळचा वेटेचाच, बी मिझेपेक्षा दहा वर्षांनी लहान. दर आठवड्याला त्याचा सगळ्यांसमोर निरोप यायचा. "बी, अडतीस पट्ट्या टांगून ठेवल्यात. दुकान काढलंय की काय?" किंवा, "माझी पट्टी पाठवली तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती शाळेत जाते, बी." लोक हसायचे. बी मिझे उत्तर द्यायची नाही, पण तिला लागायचं. शेवटी त्याने चाळीस जणांच्या नावानिशी लिहिलं की होत नसेल तर चावी दुसऱ्याकडे द्या. त्या दिवशी तिने वर्गात एका मुलीला उगाचच झापलं.

त्याच आठवड्यात रिझिकीची पट्टी आली.

रिझिकी शामे ही बी मिझेची विद्यार्थिनी. मावेनी नावाच्या लहानशा बेटावरून शिकायला यायची, वर्गात सगळ्यांत तल्लख. चार वर्षांपूर्वी वडील वारले आणि ती माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाला शाळा सोडून आईबरोबर समुद्रशेवाळाच्या शेतात उतरली. बी मिझे दोनदा मावेनीला जाऊन आली, आईचे पाय धरायचे बाकी ठेवले होते तिने, पण उपयोग झाला नाही. रिझिकी फोनवरून पट्ट्या पाठवायची. मावेनीत एकाच ठिकाणी रेंज येते, विहिरीजवळच्या नीरफणसाच्या झाडाखाली. तिथे बसून, ओहोटीच्या कामावरून आल्यावर मिठाने चिरलेल्या बोटांनी ती लिहायची. यावेळी सोबत चिठ्ठी होती: "म्वालिमू, घड्याळ आपलं केलं. आता मुली हसणार नाहीत." म्वालिमू म्हणजे शिकवणारी बाई.

घड्याळाचं असं आहे. आमच्याकडे दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात होते. सूर्य उगवून एक तास झाला की एक वाजला. म्हणजे जगाचे सात ते आमचे एक, आणि जगाचे दहा ते आमचे चार. भिंतीवरचं घड्याळ मात्र जगाचंच असतं. काटा दहावर असतो आणि आम्ही बिनदिक्कत 'चार वाजले' म्हणतो. डोळ्यांना एक दिसतं, तोंड दुसरं बोलतं, आणि मधली सहाची वजाबाकी कधी होते ते कोणाला कळतही नाही. उकिली सगळं स्वाहिलीत बोलायची, पण वेळ विचारली की जगाची सांगायची. शाळा दोन वाजता भरते आणि मशीन म्हणतं आठ वाजले, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक वर्ग फिदीफिदी हसायचा. रिझिकीने ते हसू मिटवलं होतं.

बी मिझेने पट्टी वाचली. एका ओळीतही बोट ठेवायला जागा नव्हती. तिचा ऊर भरून आला. गुरुवार होता, मधल्या तासाला ती मोकळी होती. तिने पट्टी चालवून बघितली. पडद्यावर आलं: चार. तिने भिंतीवर बघितलं. काटा दहावर होता, म्हणजे चार. दोन्हीकडे चारच. चूक कळायला दोन आकडे वेगळे दिसावे लागतात, आणि आमच्या माणसाला ते वेगळे दिसत नाहीत. सात दिवस टांगायला हवी होती. पण अब्दीसलामचा निरोप डोक्यात होता, आणि त्याहून जास्त हे होतं की या पोरीला सगळ्यांनीच थांबवून ठेवलं, शाळेने, घराने, समुद्राने. आपण तरी थांबवायला नको. तिने त्याच तासाला पट्टी शिवली आणि नोंदवहीत लिहिलं: पट्टी रिझिकी शामेची, शिवली मिझे फाकीने. मस्कतहून लगेच टाळ्या आल्या.

आता फलकाबद्दल सांगायला हवं. रिझिकी शाळेत असताना तिने आणि तिच्या वर्गातल्या चार मुलींनी उकिलीत एक प्रोग्रॅम बनवला होता. वेटेच्या धक्क्यावर, जिथून रुग्णांची बोट सुटते, तिथे एक पडदा लावला होता. चंद्राची तिथी आणि वाजलेले तास यांवरून तो सांगायचा की खाडीत पाणी किती आहे, बोट जाईल की नाही. जुन्या नावाड्याने त्याच्याकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही. "तो तुमचा टीव्ही ठेवा तुमच्याजवळ," म्हणायचा, "मला समुद्र दिसतो." नवी उकिली आली की हा फलक ती आपोआप उचलायचा. ती सोय बी मिझेनेच करून दिली होती. सुकवणीच्या आठवड्यात ज्या जुन्या प्रोग्रॅमांवर पट्टी चालवून बघायची, त्यांत पहिलं नाव या फलकाचं होतं.

शनिवारी पौर्णिमा होती. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला पहाटे चारला भरती असते आणि सकाळी दहाला खाडीचा तळ दिसतो. हे मी जगाच्या घड्याळाने सांगतोय. सकाळी मावेनीहून वेटेच्या दवाखान्यात फोन आला की म्वानाहिजाला कळा लागल्या आहेत आणि रक्त थांबत नाही. म्वानाहिजा ही रिझिकीची वहिनी, पहिलटकरीण. जुना नावाडी भाचीच्या लग्नाला उंगुजाला गेला होता. त्याच्या जागी मालोंगो नावाचा माणूस होता, म्वान्झाचा, जन्म सगळा मोठ्या तळ्यावर गेलेला. बोट चालवण्यात कोणाला हार जाणारा नव्हता, पण तळ्याला भरती-ओहोटी नसते. दहा वाजता त्याने फलकाकडे बघितलं. फलकाने उकिलीला वेळ विचारली, उकिली म्हणाली चार. फलकाने ते जगाचे चार धरले, आणि पौर्णिमेच्या चारला पाणी भरलेलं असतं. फलकावर हिरवी अक्षरं उमटली: पाणी भरलंय, बोट सोडा. धक्क्याजवळ खणलेला डोह आहे, तिथे पाणी होतंच. मालोंगोने बोट सोडली.

मावेनीच्या पुरुषांनी तोवर म्वानाहिजाला सुंभाच्या खाटेवर घेतलं होतं. खाडी कोरडी असली की खाट खांद्यावर घेऊन वाळूतून पलीकडच्या रस्त्याला लागता येतं, दीड तासाची वाट. तिथवर गाडी येते. खाट उचलली आणि फोन वाजला, "बोट निघाली आहे, थांबा." एक जण म्हणाला, "कुठून येणार बोट? तळ दिसतोय." दुसरा म्हणाला, "दवाखान्यातली माणसं आहेत, उगाच सांगतील का?" खाट खाली ठेवली.

बोट खाडीच्या तोंडाशी वाळूत बसली ती पाणी परत येईपर्यंत, दुपारी अडीच वाजेपर्यंत. ती अडकल्याचं मावेनीत कळेपर्यंत खाट उचलायची वेळ गेली होती. दुपारच्या बांगेच्या सुमारास मूल जन्मलं. मुलगा होता. थोडा वेळ होता, मग गेला. म्वानाहिजा वाचली.

बी मिझेला तिसऱ्या प्रहरी धक्क्यावरच्या कारकुनाचा फोन आला. "म्वालिमू, तुमचा फलक येडा झालाय का? समुद्र एक सांगतो, हा दुसरंच." तिला पुढचं ऐकूही आलं नाही. वीस मिनिटांत तिने पट्टी उसवली आणि जुनं घड्याळ परत बसवलं. बाळाचं तिला त्यानंतर कळलं. बाकीचा दिवस ती चटईवर हात मांडीत घेऊन बसून होती. शेजारीण चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला.

दोष आधी मालोंगोच्या माथी गेला. मग फलकाच्या. मग कोणा शहाण्याने नोंदवही उघडली. ती उघडीच असते, कोणीही वाचावी. घड्याळ गुरुवारी बदललं, पट्टी रिझिकी शामेची. वहीत दोन ओळी होत्या, लोकांनी पहिलीच वाचली. रविवारी सकाळपर्यंत वेटेच्या बाजारात, लवंगा वाळत घातलेल्या रस्त्यावर, धक्क्यावर एकच बोलणं होतं: मावेनीच्या पोरीने घड्याळ फिरवलं आणि भावाचं मूल मारलं. तेवीस वर्षांची पोर, आणि राहायचं त्याच बेटावर, त्याच घरात, त्या बाळंतिणीच्या भिंतीपलीकडे. हे नाव चिकटलं असतं तर तिला मावेनीत विहिरीवर पाणी कोणी भरू दिलं नसतं.

रविवारी मस्कतहून निरोप आला, यावेळी फक्त तिच्यासाठी. "बी, पोरीचं नाव काढून टाक. चावी तुझ्याकडे आहे. अख्खं पान नव्याने लिहून काढलं तर कोणाला कळणार नाही. यंत्रात बिघाड झाला म्हण. मी साक्ष देतो."

अब्दीसलाम वाईट माणूस नाही, हे मला इथे सांगायलाच हवं. बी मिझेने पान उघडलं. आज्ञा लिहिलीसुद्धा, एक कळ दाबायची बाकी होती. चुलीवर पाणी उकळून अर्धं होईपर्यंत ती तशी बसली. तिने ती कळ दाबली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण त्या पानावर दोन ओळी होत्या. पोरीचं नाव गेलं असतं तर तिच्या आडून हिचंही गेलं असतं, आणि ते तिला पुरतं कळत होतं. तिने आज्ञा पुसली आणि मस्कतला लिहिलं, "शिवण उसवता येते. सुईची भोकं राहतात."

सोमवारी ती मावेनीला निघाली. बोट मालोंगोचीच होती. दोन दिवसांत माणूस वाळून गेला होता. हातात बांबू होता, दर दहा हातांवर तो पाण्यात टोचून बघत होता.

"बी, आमच्याकडे तळं सकाळी ठेवलं तिथेच संध्याकाळी सापडतं," तो म्हणाला. "पाणी उठून जातं हे मी ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं."

"तुमची चूक नाही, मालोंगो."

"मग कोणाची?"

"तेच सांगायला चालले आहे."

तो पुन्हा बांबू टोचू लागला.

मावेनीच्या घरी ओट्यावर चटया अंथरल्या होत्या आणि बारा-पंधरा बायका बसल्या होत्या. बी मिझेने दाराशी "होदी" म्हणून आवाज दिला. आतून "कारिबू", म्हणजे या, असं आलं, पण उठून कोणी आलं नाही. ती चपला काढून कडेला बसली. बाळाची आजी, म्हणजे रिझिकीची आई बी झुवेना, समोरच होती. भिंतीकडे तोंड करून, पांघरूण डोक्यावरून घेऊन रिझिकी बसली होती. तिच्या बाजूला चटईवर दोन माणसांची जागा रिकामी होती.

"आलात म्वालिमू?" बी झुवेना म्हणाली. "माझ्या पोरीला शाळेत ठेवा म्हणून दोनदा आला होतात. नाही ठेवलं, तर घरी बसल्या बसल्या शिकवलंत तिला. बघा, शिकली."

"आई," भिंतीकडून आवाज आला.

"तू गप बस! घड्याळ आपलं करायला निघाल्या होत्या. आपलं होतं की घड्याळ, वर सूर्य होता. त्याच्यात काय बिघडलं होतं?"

बी मिझेने वर बघितलं नाही. घरून येताना तिने दहा वाक्यं मनाशी जुळवली होती, प्रोग्रॅम म्हणजे काय, पट्टी कशी येते, आपण काय तपासतो. त्यातलं एकही तिला आता आठवेना. हाताखाली चटई होती. तिने नेहमीच्या सवयीने शिवणीवरून बोट फिरवलं.

"पट्टी तिने विणली होती," ती म्हणाली. "चांगली होती. एक पातं वाकडं नव्हतं. शिवली मी. ओली शिवली."

तिथे बसलेल्या प्रत्येक बाईने जन्मभर पट्ट्या विणल्या होत्या. कॉम्प्युटर त्यांतल्या एकीनेही उघडला नव्हता, पण याहून जास्त त्यांना सांगायची गरज नव्हती.

बी झुवेना पुढे वाकली. "ओली? तू? बी मोझाची लेक तू, आणि ओली शिवलीस?"

"हो."

"का गं?"

"लोक हसत होते, मला उशीर होतो म्हणून."

कोणीतरी "या अल्ला" म्हणून उसासा टाकला. बी झुवेनाने तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली, तीन दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर कळलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून म्वानाहिजाचा आवाज आला. पडद्याआडून, अगदी हळू.

"किती दिवस सुकवायची होती, म्वालिमू?"

"सात."

"आणि किती सुकवलीत?"

"एकही नाही, पोरी."

म्वानाहिजा म्हणाली, "सातव्या दिवशी त्याचं नाव ठेवणार होतो."

बी मिझेने विचारलं, "ठेवलंत का?"

"मातीत देताना ठेवलं. नासोर."

माफ केलं असं कोणी म्हणालं नाही. बी मिझेने मागितलीही नाही. पण थोड्या वेळाने एक म्हातारी उठली आणि रिझिकीच्या शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊन बसली. मग आणखी एक बसली.

परतायला पाण्याची वाट बघावी लागली. रिझिकी तिला किनाऱ्यापर्यंत पोचवायला आली, चार पावलं मागून. नीरफणसाच्या झाडाखाली थांबली.

"म्वालिमू, माझं नाव काढा. सगळ्या पट्ट्यांवरून. आजपर्यंतच्या."

"काढता येतं. काल रात होईस्तोवर तेच करत बसले होते." बी मिझे वळली. "पण काढलं तर लोक म्हणतील, दोष तिचाच होता म्हणून पुसलं. राहू दे. मी दुसरं काही मागायला आले आहे."

"मी आता काही लिहिणार नाही."

"लिहू नकोस. बघ फक्त. अकरा वर्षं सगळ्यांच्या पट्ट्या मी बघितल्या. माझी सुई कोणीच बघत नव्हतं. चावीचे दोन भाग केलेत. एक तुझ्याकडे. तू हो म्हटल्याशिवाय आता मलाही काही शिवता येणार नाही."

"माझ्याकडे? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. तू आता घाई करणार नाहीस, एवढं मला माहीत आहे."

रिझिकीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मालोंगोने बांबू टेकवून बोट धरली आणि बी मिझे चढली.

घरी येऊन तिने नोंदवहीसाठी चार ओळी लिहिल्या. अकरा वर्षांत तिने एवढा वेळ कशालाच लावला नव्हता. घड्याळाची पट्टी उसवून जुनं घड्याळ बसवलं आहे. पट्टी लिहिणारीकडे दोष नाही. दोष एकट्या मिझे फाकीचा, तिने पट्टी न सुकवता शिवली. त्यामुळे मावेनी बेटावर एक बाळ गेलं. तिने ते पाठवलं आणि पडद्यावर आलं: दुसऱ्या होकाराची वाट बघत आहे.

वाट बघणं लांबलं. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. टांगलेल्या पट्ट्या अडतीसच्या पंचेचाळीस झाल्या. यावेळी मस्कतहून कोणी काही म्हणालं नाही. गावात अजून पहिलीच ओळ चालू होती आणि बी मिझेचा जीव टांगणीला लागला होता. पोरीने फोन विहिरीत टाकला असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. वर्गात ती फळ्याकडे वळायची आणि काय लिहायचं ते विसरून जायची. मुलींना हे दिसत होतं. त्या तासाला आधीच येऊन गुपचूप बसू लागल्या.

दहाव्या दिवशी, ओहोटीचं काम संपायच्या वेळेला, उत्तर आलं. होकार नव्हता. पट्टी परत आली होती, खाली रिझिकीच्या तुटक अक्षरांत:

"परत पाठवते आहे. ओळ दोन चूक. फलक मी बनवला होता, तो घड्याळावर चालतो हे मला आठवायला हवं होतं. ओळ तीनमधला 'एकट्या' काढा, आपण दोघी होतो. ओळ चार, 'एक बाळ' नाही. त्याला नाव आहे. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, लिहा."

बी मिझेने ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, कारण दिसत नव्हतं. दुसरी ओळ तिने खोडली. तिसरीत दोन नावं घातली, शेजारी शेजारी. चौथी पुन्हा लिहिली. कुठलाही वाद न घालता तिने पट्टी परत पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिची शिवण बोटांखालून सरकवून बघितली होती.

तासाभरात उत्तर आलं. "आता बरोबर आहे. सात दिवस सुकू द्या, म्वालिमू."

नुसते शब्द होते ते. त्यांनी कुठलं घड्याळ बिघडणार नव्हतं की कुठला फलक. बी मिझेला तसं लिहिता आलं असतं. तिने लिहिलं नाही. तिने ती पट्टी टांगून ठेवली, आणि आठव्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, शिवली. सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत आता शेवटची ओळ अशी आहे: यात मावेनीचा नासोर गेला.